एस्टीमचे इंजेक्टर काढून साफ केले. त्याची हकिगत आणि उरलेली एक अडचण

कऱ्हाकाठ

आमच्या घरी २००४ सालची मारुतीची एस्टीम आहे. इंजिन १.३ लिटरचे, सोळा व्हॉल्व्हचे, एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर असलेले. गेली दीड-दोन वर्षे ती आठवड्यातून जेमतेम एकदा आणि तीही सासवडच्या बाजारापर्यंतच बाहेर निघत होती. मधल्या एका पावसाळ्यात तर ती सलग तीन महिने शेडमध्ये उभीच राहिली. त्यानंतर तीन लक्षणे दिसू लागली. इंजिन गरम झाल्यावर सिग्नलला थांबले की गाडी मिसिंग करी, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसे, आणि थरथर स्टिअरिंगपर्यंत जाणवे. दिवे घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्येही पिकअप मिळेना. आणि लिटरला तेरा-चौदा किलोमीटर जाणारी गाडी दहावर आली.

पहिल्या गॅरेजमध्ये बोनेट उघडण्यापूर्वीच "चारही इंजेक्टर बदलून टाका" असा सल्ला मिळाला. हा धागा काढण्याचे निम्मे कारण ते वाक्य आहे. मिसिंगमागे प्लग असू शकतो, प्लगची वायर असू शकते, न बसणारा व्हॉल्व्ह, चिरलेली व्हॅक्यूमची नळी किंवा तुंबलेला पेट्रोल फिल्टरही असू शकतो. इंजेक्टरवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा असे माझे मत झाले आहे, कारण तो महाग असतो एवढेच नव्हे, तर वीस वर्षे एका जागी बसलेले रबर एकदा हलवले की ते पुन्हा तसेच बसेल याची हमी उरत नाही. माझी उरलेली अडचण त्याच्याशीच संबंधित असावी, पण ती शेवटी सांगतो.

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घेतले; चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ निघाले, म्हणून व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या रिंगा संशयातून सुटल्या. प्लग काढल्यावर एक, दोन आणि चार नंबरचे किंचित काळपट आणि तीन नंबरचा मात्र पांढुरका दिसला. या चित्राने मला बराच वेळ गोंधळात टाकले, कारण एकाच इंजिनात पेट्रोल जास्तही पडत होते आणि कमीही. उलगडा असा झाला की ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरच्या एकत्र झालेल्या धुराची सरासरी पाहतो. एकाला पेट्रोल कमी पडले की त्याच्या हिशेबी सगळे मिश्रणच पातळ झालेले असते, मग गाडीचा संगणक चौघांचेही पेट्रोल वाढवतो. त्याने उपाशी सिलिंडर उपाशीच राहतो आणि बाकीच्या तिघांना अजीर्ण होते. ॲव्हरेज का घसरले, याचे उत्तरही तिथेच मिळाले.

मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढून पाहिले. एक, दोन किंवा चार नंबरचा काढला की इंजिन स्पष्ट खाली बसे. तीनचा काढल्यावर फरकच पडत नव्हता. ही चाचणी प्लगची वायर उपसून करू नये, कारण त्या सिलिंडरचे न जळलेले पेट्रोल थेट धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते. दोन आणि तीन नंबरचे प्लग आपापसात बदलले, वायरही बदलून पाहिली, तरी दोष तीनवरच राहिला. लांब पेचकसाची मूठ कानाला आणि टोक इंजेक्टरला लावले असता तिघांचा टकटक आवाज कोरडा आणि नेमका येत होता, तिसऱ्याचा बोथट. मीटरवर चौघांचाही रोध १२ ते १३ ओहमच्या दरम्यान होता, म्हणजे आतली कॉइल शाबूत होती आणि दोष यांत्रिक होता. येथवर दोन रविवार गेले, पण खर्च शून्य.

काढण्याच्या कामात पाने चालवण्यापेक्षा तयारीलाच जास्त वेळ लागतो. इंजेक्टरकडे पेट्रोल नेणाऱ्या नळीत, म्हणजे फ्युएल रेलमध्ये, अडीच ते तीन बारचा दाब असतो आणि तो इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ टिकून राहतो. मी टाकीचे झाकण उघडले, पेट्रोल पंपाचे कनेक्शन तोडले, इंजिन चालू करून ते आपणहून बंद पडू दिले आणि नंतर दोन-तीन वेळा सेल्फ मारला. मग बॅटरीची ऋण तार काढली आणि इंजिन पूर्ण गार व्हावे म्हणून पुढचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी, शेडच्या बाहेर, उघड्यावर केले. इतके करूनही नळी सैल करताना थोडे पेट्रोल निघतेच. त्यासाठी सांध्याभोवती कापड धरावे. देवघरातली समई किती अंतरावर आहे, याचाही विचार करावा. हे मी विनोदाने लिहीत नाही.

रेल उचलण्याआधी प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाभोवतीची माती रंगाच्या कोरड्या ब्रशने आणि हवेच्या झोताने काढली. ही पायरी टाळली तर इंजेक्टर वर येताच ती वाळू इनटेकच्या भोकात आणि तिथून व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाते. कनेक्टरच्या क्लिपा वीस वर्षांच्या उष्णतेने पापडासारख्या झाल्या होत्या. चारपैकी एक तुटलीच. रेलचे बोल्ट काढल्यावर रेल इंजेक्टरांसकट वर येते, मात्र ओढून नव्हे. डावी-उजवीकडे हळूहळू डोलवत, दोन्ही टोकांना सारखा जोर देत ती उचलावी लागते. पेचकस घालून उचकटण्याचा मोह झाला होता, पण इंजेक्टरचे अंग प्लॅस्टिकचे आहे हे वेळेवर आठवले. भोकांत चार स्वच्छ बोळे बसवले, आणि परत काढताना ते चारच निघाले हेही मोजले.

पुण्यात एका ठिकाणी चाचणीचे यंत्र आणि अल्ट्रासोनिक टब आहे, तिथे चौघांना नेले. अर्ध्या मिनिटात पडलेले द्रव मिलिलिटरमध्ये असे होते: ६२, ६०, ४१, ६१. तिसरा जवळजवळ एक तृतीयांश कमी देत होता आणि त्याची फवार शंकूसारखी न पडता एका बाजूला चिळकांडी उडाल्यासारखी पडत होती. एक नंबरचा बंद अवस्थेत दाबाखाली ठेवल्यावर मिनिटाला तीन थेंब गाळत होता. या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तकात मिनिटाला एका थेंबाच्या आत एवढीच सूट आहे. वीस मिनिटे टबमध्ये, तेही इंजेक्टर विजेवर उघड-मीट करत ठेवून, धुतल्यानंतर आकडे ६३, ६२, ६०, ६२ आले आणि थेंब थांबला. इंजेक्टरच्या वरच्या, पेट्रोल आत शिरते त्या तोंडाशी बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी एक जाळी असते, ती चौघांचीही बदलली. तिसऱ्याच्या जुन्या जाळीत तपकिरी गाळ होता.

नाना पेठेतून रबर रिंगांचा संच आणला, वरच्या ओ-रिंगेला हलका तेलाचा हात लावून सगळे बसवले, प्रत्येक इंजेक्टर हाताने सहज फिरतो ना हे पाहिले, किल्ली तीन वेळा चालू-बंद करून पंपाचा दाब भरला आणि गळती नाही याची खात्री केल्यावरच सेल्फ मारला. मिसिंग गेले. पिकअप आला. पण आता इंजिन न्यूट्रलला मिनिटाला चौदाशे-पंधराशे फेऱ्यांच्या खाली येतच नाही. पूर्वी ते आठशेवर चालत असे. संगणक काही शिकत असेल म्हणून पन्नास किलोमीटर चालवून पाहिले, फरक नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


नोझलवाला

मी सांगलीत डिझेल पंप आणि नोझलच्या कामात अठ्ठावीस वर्षे आहे. गेल्या काही वर्षांत पेट्रोलचे इंजेक्टरही येतात. तुमचे निदान योग्य क्रमाने झाले आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

जोडकाम केल्यानंतर फेऱ्या वाढल्या तर हवा कुठून तरी चोरून आत जात आहे असे समजावे. थ्रॉटलचा स्क्रू फिरवून त्या खाली आणायचा प्रयत्न कृपया करू नका, कारण मग मूळ दोष झाकला जाईल आणि एकाचे दोन दोष होतील. इंजेक्टरला वर एक ओ-रिंग असते आणि खाली, सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या भोकात, एक जाड रबर असते. वरची रिंग पेट्रोल अडवते, खालचे रबर हवा अडवते. वरची चुकली तर पेट्रोल गळते आणि लगेच कळते; खालचे चुकले तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. बाजारातल्या संचात वरच्या रिंगा बहुधा बरोबर मापाच्या असतात, खालची रबरे मात्र तीन-चार गाड्यांना "चालतात" म्हणून एकाच मापाची दिलेली असतात. तुमची जुनी रबरे टाकून दिली नसतील तर नव्यांच्या शेजारी ठेवून व्हर्नियरने जाडी मोजा.

शोधण्यासाठी काही जण चालू इंजिनावर कार्ब क्लीनर, म्हणजे कार्बोरेटर साफ करायचा ज्वलनशील द्रव, फवारतात. गरम एक्झॉस्टजवळ तो प्रकार मी माझ्या दुकानात करू देत नाही. साबणाचे पाणी पिचकारीने एकेका इंजेक्टरच्या बुडाशी सोडा. जिथे फट असेल तिथे पाणी आत ओढले जाऊन क्षणभर फट बुजते आणि फेऱ्या बदलतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तो तपकिरी गाळ. तो इंजेक्टरमध्ये तयार झालेला नाही, टाकीतून आलेला गंज आहे. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आतल्या दमट हवेतले पाणी पत्र्यावर धरते. टाकी उतरवून धुतली नाही, पंपाची जाळी पाहिली नाही आणि मुख्य फिल्टर बदलला नाही, तर तुमच्या चार नव्या जाळ्या सहा महिन्यांत पुन्हा भरतील.


मांडवीचा_वारा

माझ्याकडे म्हापशाला २००२ ची झेन आहे आणि तीही अलीकडे थोडी थरथरते. इतका खटाटोप करण्याऐवजी पेट्रोलमध्ये ओतायची क्लीनरची बाटली मिळते, ती वापरून काम भागत नाही का? शिवाय हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, सगळा दोष त्याचाच आहे असे आमच्याकडचे मेस्त्री म्हणतात.


नोझलवाला

बाटलीने काय होते आणि काय होत नाही, ते घाण कशी धरते हे पाहिल्यावर लक्षात येईल. इंजिन चालू असताना इंजेक्टरचे टोक पेट्रोलनेच गार आणि धुतलेले राहते. गरम इंजिन बंद केले की पुढची वीस-तीस मिनिटे खालची उष्णता वर चढते, टोकावर राहिलेल्या थेंबातला हलका भाग उडून जातो आणि जड भाग डिंकासारखा तिथेच वाळतो. सुई उघडते ती सुमारे एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहून कमी, त्यामुळे तिथे डिंकाचा पातळ थरही पुरे होतो. रोज चार किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत हे लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा लवकर घडते. असा कोवळा थर चांगल्या क्लीनरने दोन-तीन टाक्यांत विरघळू शकतो आणि तुमच्या झेनसाठी आधी तोच प्रयोग करणे शहाणपणाचे ठरेल. परंतु जाळीत अडकलेला गंज कोणत्याही बाटलीने विरघळत नाही आणि आतली थकलेली स्प्रिंगही तिने ताठ होत नाही.

इथेनॉलचे म्हणाल तर त्याच्यावर सगळेच ढकलणे बरोबर नाही. त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून वीस टक्के मिसळले तर ॲव्हरेज हिशेबाने सहा-सात टक्के उतरावे. चौदाची गाडी त्याने तेरावर येईल, दहावर नाही. त्याचा खरा त्रास जुन्या गाड्यांच्या रबराला आहे. वीस टक्क्यांना चालतील अशा साहित्याच्या गाड्या आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून बनू लागल्या. त्याआधीच्या, विशेषतः वीस वर्षांपूर्वीच्या, गाड्यांतील साध्या नायट्राइल रबराच्या रिंगा आणि नळ्या इथेनॉलमध्ये फुगतात आणि पुन्हा वाळल्या की चिरतात. म्हणून इंजेक्टर काढलेच असतील तर रिंगा व्हायटॉनच्याच, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच, घालाव्यात. फरक काही रुपयांचा असतो, पण दुकानदाराला नाव घेऊन मागावे लागते. इथेनॉल पाणीही शोषून धरते, त्यामुळे उभ्या गाडीत ते टाकीत साठून राहणे वाईटच.


त्रिज्या

कऱ्हाकाठ यांनी चाचणीसाठी यंत्र असलेल्या ठिकाणी जाण्याचा पर्याय निवडला हे योग्यच झाले. इंटरनेटवरील अनेक चित्रफितींत इंजेक्टरला थेट बॅटरी जोडून, त्यात कार्ब क्लीनर सोडून घरच्या घरी सफाई दाखवतात, त्याबद्दल विद्युत अभियंता म्हणून थोडे लिहावेसे वाटते.

१२ ओहमच्या कॉइलला १२ व्होल्ट लावले तर एक अँपिअर प्रवाह जातो आणि १२ वॉट उष्णता तयार होते. गाडीत ही कॉइल न्यूट्रलला एका वेळी दोन-तीन मिलिसेकंदच चालू राहते आणि आतून वाहणारे पेट्रोल तिला गार ठेवते. टेबलावर मात्र ती सलग चालू ठेवली तर काही वेळातच कॉइलचे आवरण वितळू शकते. त्यातून तारेचे टोक बॅटरीला लावताना आणि काढताना ठिणगी पडते, आणि पडते ती ज्वलनशील फवाऱ्याच्या शेजारी. ज्या जुन्या गाड्यांत दोन-तीन ओहमचे इंजेक्टर आहेत, त्यांचे प्रकरण याहून नाजूक आहे, कारण त्यांना प्रवाह मर्यादित करणारा रोध किंवा वेगळे सर्किट लागते. करायचेच असेल तर दाबल्यावरच जोडणारे बटण लांब तारेवर घेऊन, क्षणभराच्या टिचक्या देत करावे. पण मोजमाप होत नसेल तर चारही सारखे झाले की नाही, हे तरीही कळणार नाही. साफ केलेला पण इतरांपेक्षा दहा टक्के जास्त देणारा इंजेक्टर हाही दोषच आहे.

तुटलेल्या क्लिपेचा कनेक्टर केबल टायने बांधून ठेवू नका. नवा कनेक्टर तारेसकट मिळतो; तो सोल्डर करून त्यावर आकसणारी नळी चढवा.


कोयनेचा_काठ

धागा उपयुक्त आहे. माझ्याकडे २००९ ची डिझेल स्विफ्ट आहे आणि इंजिनाच्या वरच्या भागातून चुकचुक असा आवाज येतो, शिवाय एका इंजेक्टरभोवती डांबरासारखे काळे साचले आहे. वर वर्णन केलेल्या पद्धतीने मी ते स्वतः काढू शकेन का?


नोझलवाला

नाही, आणि हे मी धंदा मिळावा म्हणून सांगत नाही. पेट्रोलच्या या जुन्या पद्धतीत दाब तीन बारचा आहे. तुमच्या कॉमन रेल डिझेलमध्ये तो हजार बारच्या वर जातो. इंजिन चालू असताना त्या नळीचा नट सैल केला, तर सुईसारखी धार कातडी भेदून डिझेल आत घालते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते. जुन्या डिझेल गाड्यांवर नट ढिला करून सिलिंडर ओळखण्याची जी सवय आमच्या पिढीच्या हाताला आहे, ती इथे प्राणघातक आहे.

तुमचा चुकचुक आवाज आणि काळे डांबर म्हणजे इंजेक्टरच्या बुडाचे तांब्याचे वायसर गेले आहे आणि ज्वलनाचा वायू तिथून निसटतो आहे. गाडी अशीच चालवत राहिलात तर तो कार्बन इंजेक्टरला भोकातच घट्ट धरतो, आणि मग तो बाहेर काढायला सरकत्या हातोड्याचे खेचयंत्र लागते. तांब्याचे वायसर दरवेळी नवे घ्यावे, आणि बैठक कटरने साफ केल्याशिवाय ते बसवू नये. इंजेक्टर बदलला तर त्याच्या अंगावर कोरलेला सांकेतिक क्रमांक संगणकात भरावा लागतो. आत्ताच दाखवून या.


कऱ्हाकाठ

उशिरा उत्तर देत आहे, कारण सांगण्यासारखे काही हाती येईपर्यंत थांबलो होतो.

साबणाचे पाणी एक आणि दोन नंबरला काहीच बोलले नाही. चार नंबरच्या बुडाशी सोडताच फेऱ्या पंधराशेवरून अकराशेपर्यंत उतरल्या आणि दोन सेकंदांत पुन्हा चढल्या. तीन नंबरलाही थोडा फरक पडला. जुनी रबरे सुदैवाने डब्यात होती. व्हर्नियरने मोजली असता नवे रबर जुन्यापेक्षा जवळजवळ एक मिलिमीटरने पातळ निघाले, आणि जुने तर वीस वर्षे दाबले गेल्यानंतरचे होते. ज्या दुकानातून संच घेतला होता तिथे दाखवल्यावर "सगळे हेच नेतात" असे उत्तर मिळाले. मग मूळ कंपनीच्या भागाचा क्रमांक लिहून घेऊन दुसरीकडे मागणी नोंदवली आणि आठ दिवसांनी रबरे मिळाली. वरच्या रिंगाही या वेळी व्हायटॉनच्या मागून घेतल्या.

दुसऱ्यांदा रेल उचलायला पहिल्यापेक्षा निम्माही वेळ लागला नाही. रबरे आधी मॅनिफोल्डच्या भोकांत बसवली आणि मग इंजेक्टर वरून सरळ उतरवले. पहिल्या वेळी मी ती इंजेक्टरला अडकवून ढकलली होती, त्यामुळे चार नंबरचे एका कडेला दुमडलेही होते. म्हणजे चूक मापाची होती तशी माझ्या हाताचीही होती. बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळत आणले.

टाकीही उतरवली. तळाशी ओंजळभर गंजाचे पाणी निघाले आणि पंपाची जाळी एका बाजूने पूर्ण तपकिरी होती. टाकी दोनदा धुऊन उन्हात वाळवली, फिल्टर बदलला. त्रिज्या यांनी सांगितल्याप्रमाणे तीन नंबरचा कनेक्टर नवा लावला.

इंजिन आता गरम असताना ८०० ते ८५० फेऱ्यांवर स्थिर आहे. गेल्या आठवड्यात सासवड ते वाई आणि परत असा प्रवास करून, टाकी दोन्ही वेळा काठोकाठ भरून हिशेब केला, तर लिटरला १३.१ किलोमीटर आले. दिवे घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढला. नव्या प्लगांपैकी तीन नंबरचा काल काढून पाहिला. तो आता बाकीच्यांसारखाच फिकट बदामी आहे.


मांडवीचा_वारा

झेनमध्ये क्लीनर घालून दुसरी टाकी चालू आहे आणि थरथर बरीच कमी झाली आहे. प्लग मात्र अजून काढून पाहिले नाहीत; या रविवारी पाहतो आणि चौघांचा रंग इथे लिहितो.